साहेबाचं बोचकं

साहेबाचे कपडे ती पारोशानेच धुवायची. नवरा सकाळी लॉजवरच्या चादरी आणायला हातगाडी घेऊन बाहेर पडला, की ती मागच्या मोरीत बोचकं सोडायची. शर्ट वेगळे, लेंगे वेगळे, साहेबाच्या सासूबाईंचे पडदे आणखी वेगळे. कुठलंही स्तोत्र न पुटपुटता ती ते भराभर खंगाळून काढायची. मग कोपरापर्यंत हात घासायची, आंघोळ करायची, फडताळातल्या देवापुढे दिवा लावायची, आणि मगच तोंडात पाण्याचा थेंब घ्यायची. दिव्याआधी पाणी नाही हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. देश बदलला, भाषा बदलली, अंगाला लागणारं पाणीसुद्धा बदललं, नेम बदलला नाही. फक्त त्याच्या आधी हे एक काम येऊन बसलं होतं, आणि ते देवापुढे कोणत्या तोंडाने सांगावं हे तिला अजून सुचलं नव्हतं.

देवाला सांगणं एक वेळ सोपं होतं. नवऱ्याला सांगणं कठीण.

तिकडे, आपल्या गावी, नवऱ्याची चालती लाँड्री होती. नगरपालिकेचा माणूस दर सणाला यायचा, हा त्याला दारातूनच वाटेला लावायचा. "आमचे हात ओले होतात ते फक्त पाण्याने," असं वर ऐकवायचाही. एक दिवस पाणीच तोडलं. यानं अर्ज केले, तक्रारी केल्या, मोठ्या साहेबाच्या दारात उपाशी बसला. पाणी काही आलं नाही. गिऱ्हाइकं हळहळली आणि पलीकडच्या लाँड्रीत गेली. शेवटी भट्टी, टेबलं, सगळं मोडीत घातलं, तिच्या बांगड्या गेल्या, आणि तो म्हणाला, "जिथं माणसाला सरळ मानेनं धंदा करता येतो अशा जागी जाऊ. नाहीतर मी हा धंदाच करणार नाही." धंदा नाही तर तो काय करणार होता, हे तिने विचारलं नाही. ते महिने तिने पाहिले होते. दिवसचे दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेवायला उठवलं तर उठायचा, नाही उठवलं तर नाही.

म्हणून ते इकडे आले. गल्लीच्या तोंडाशी एक लांबट गाळा मिळाला. पुढे काउंटर, मध्ये इस्त्रीची टेबलं, मागे वाफेचं यंत्र आणि मोरी, वर माळ्यावर झोपायची जागा. नवरा मागे वाफेत, ती पुढे माणसांत. त्यामुळे इथली भाषा तिच्या जिभेवर चढली आणि त्याला मात्र 'उद्या', 'खळ' आणि 'हा डाग जाणार नाही' एवढंच यायला लागलं. "धोब्याला आणखी काय बोलायचं असतं?" म्हणून तो हसायचा.

परवान्यासाठी निरीक्षक साहेब पहिल्यांदा आला तेव्हा नवरा लॉजवर गेला होता. साहेबाने मोरीचा उतार पाहिला, नाक मुरडलं. धुराड्याची उंची पाहिली, मान हलवली. काही न बोलता निघून गेला. समोर हातगाडीवर फळं विकणारी म्हातारी लगेच रस्ता ओलांडून आली.

"मुली, काही ठेवलंस का त्याच्या हातावर?"

"कशाबद्दल?"

म्हातारीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या पोराने सूर्य कुठे झोपतो म्हणून विचारावं. "तो मान हलवून गेला की महिना जातो. दोनदा हलवली की दुकान जातं. मी केळी देते, पलीकडचा सुतार खुर्च्या देतो. तुझ्याकडे काय आहे ते तू बघ."

साहेब पुन्हा आला तेव्हाही नवरा घरात नव्हता. गल्ला नवऱ्याकडे असायचा, आणि तिच्याकडे असता तरी त्यात तिचा हात गेला नसता. पण साहेबाच्या शर्टावर चहा सांडलेला होता, आणि ती म्हणाली, "काढून द्या, सुकेपर्यंत बसा." तिच्या मनात पाप नव्हतं. दारी आलेल्या माणसाचा शर्ट खराब आहे, आपल्याकडे पाणी आहे, इस्त्री आहे, झालं. साहेब बनियनवर बसून राहिला. शर्ट चढवताना त्याने आरशात पाहिलं, कॉलरवरून बोट फिरवलं.

ती कॉलर हीच तिची करामत. इथल्या लाँड्र्यांत कॉलर यंत्राखाली चेपून भाकरीसारखी सपाट करायचे. ती टोकांकडून मध्ये यायची आणि दुमडताना शिवणीच्या केसभर वर हलका गोलावा ठेवायची. नवरा म्हणायचा, "तुझी कॉलर म्हणजे झोपलेल्या मांजराची पाठ." त्याला स्वतःला ती कधी जमली नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या हातगाडीखालून साहेबाच्या कपड्यांचं पहिलं बोचकं आलं. आठवड्यात परवाना आला.

नवऱ्याने तो काचेच्या चौकटीत घातला. खिळा ठोकताना त्याचे डोळे भरून आले होते. "बघितलंस? एक दमडी नाही, एक हात जोडणं नाही! याला म्हणतात राज्य." त्या दिवशी तो पोटभर जेवला, कित्येक महिन्यांनी तिची चेष्टा केली, आणि वाफेच्या यंत्राशी गाणं म्हणत बसला. ती सांगणार होती. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण त्या भिंतीकडच्या तोंडाची आठवण झाली आणि तिने ते गिळले. गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी तिने आपल्या मनाशी सोय करून घेतली. देव काय म्हणाला ते तिने विचारलं नाही.

बोचकं मात्र वाढत गेलं. शर्टांमागून चादरी आल्या, चादरींमागून सासूबाईंचे पडदे. साहेबाच्या घरातलं माणूस न् माणूस तिला कपड्यांवरून ओळखीचं झालं.

असं चाललं होतं, आणि मग तीन दुकानं सोडून न्हावी आला.

आपल्याच बाजूचा, आपलीच भाषा बोलणारा, इथल्यांशी अजून खुणांवरच भागवणारा, हसरा, बडबड्या. बायको आणि तान्ही मुलगी तिकडे सासरी ठेवून आलेला. दुकान मार्गी लागलं की दोघींना आणणार होता. पहिल्या दिवसापासून त्याने नवऱ्याला 'दादा' आणि तिला 'वहिनी' करून टाकलं. टॉवेल धुवायला आणायचा आणि तासभर टेबलाला रेलून उभा राहायचा.

"वहिनी, इथल्या लोकांच्या डोक्यावर केस कमी आणि अपेक्षा जास्त. टकलावर भांग पाडून मागतात हो!"

"मग पाडून द्या की, भाऊजी. वस्तरा आहे ना?"

नवरा खदाखदा हसायचा. या परक्या गल्लीत त्याला धाकटा भाऊ मिळाला होता.

एक दिवस न्हावी हसत नव्हता. "दादा, तो निरीक्षक येऊन गेला. माझ्या बेसिनकडे बघून मान हलवली. फळवाली म्हणते, काहीतरी द्यावं लागेल. काय करू?"

नवऱ्याने इस्त्री उभी केली. "काय करू म्हणजे? काही द्यायचं नाही. हा परवाना बघ. आहे का त्याला कुणाचा हात लागलेला? म्हातारी काहीही बोलते. आपण आपल्या देशातली भीती ट्रंकेत भरून इथं आणतो आणि इथल्या लोकांनाही बिघडवतो."

"पण त्याने तोंडानेच मागितलं तर?"

"तर तोंडावर नाही म्हणायचं. मी म्हणालो असतो."

ती शेजारच्या टेबलावर उशीची खोळ दाबत होती. दाबलेलीच पुन्हा दाबत होती. "भाऊजी, सुरुवातीला जरा गोडीनं घ्या," ती हळूच म्हणाली. "त्याच्या डोक्यावरचे केस कापून द्या वाटलं तर. माणुसकी म्हणून."

"अगं, ही कसली माणुसकी?" नवरा ताडकन म्हणाला. "आज केस, उद्या मान! तू याला असलं शिकवू नकोस."

न्हाव्याने दोघांकडे पाहिलं आणि दादाचं ऐकलं. कुणीही ऐकलं असतं. दादाच्या मागे भिंतीवर चौकट होती.

आठ-दहा दिवसांत साहेब कुलूप आणि मोहोर लावायची लाख घेऊन आला. न्हाव्याच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं, अर्धी दाढी झालेली. त्याला तसाच फेसासकट बाहेर काढला. तो बिचारा एक गाल गुळगुळीत आणि एक गाल पांढरा घेऊन रस्त्यात उभा, आणि न्हावी वस्तरा हातात धरून त्याच्या बाजूला. सुताराची माणसं हसली. तिला हसू आलं नाही. न्हावी वस्तरा पुढे करून गिऱ्हाइकाला आपल्याच भाषेत म्हणत होता, "थांबा, इथंच पुरी करतो." गिऱ्हाईक गाल पुसत निघून गेलं.

नवरा संतापाने लाल झाला. "उद्या आपण त्याच्या कचेरीत जाऊ. मी बोलेन, ही त्याच्या भाषेत सांगेल. मी काही दिलं नाही, मला परवाना मिळाला. मग याला का नाही? उत्तर द्यावंच लागेल त्याला."

जेवताना ती म्हणाली, "अहो, ऐका ना. मला तुम्हाला एक..."

"आता अडवू नकोस हं," तो म्हणाला. "आपल्या वेळी आपल्या बाजूनं उभं राहायला कुणी नव्हतं. मला आठवतंय ते." त्याच्या चेहऱ्यावर अशी काही तकाकी आली होती की तिने त्याला भाजी वाढली आणि उरलेलं वाक्य आपल्या पानात ठेवलं.

कचेरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक कोंदट खोली. भिंतीला ओल, खिडकीत वाळलेली कुंडी, टेबलासमोर एकच खुर्ची. तीवर कुणी बसलं नाही. न्हावी दाराशी थांबला. साहेबाने आकाशी शर्ट घातला होता. तो तिनेच परवा इस्त्री केला होता. तिने नजर खाली घातली.

"सांग त्याला," नवरा म्हणाला, "मी या गावात आलो त्या दिवसापासून कुणाला काही दिलेलं नाही. माझा परवाना स्वच्छ आहे. तसाच याचाही असायला हवा. सांग."

तिने सांगितलं. शब्दाला शब्द.

साहेबाने मान वर केली. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग आपल्या बाहीकडे. आणि तो हसला. दुष्टपणाने नव्हे, खरंच गंमत वाटल्यासारखा. "मग माझे शर्ट कोण धुतं म्हणावं? भुतं?"

"काय म्हणतोय?" नवऱ्याने विचारलं.

दाराशी न्हावी, बाजूला नवरा, समोर साहेब, आणि तिघांच्या मधली एकुलती एक वाट म्हणजे तिचं तोंड. आजवर ती नुसती गप्प राहिली होती. आता गप्प राहायची सोय नव्हती.

"म्हणतायत," ती म्हणाली, "दुकानातल्या पाण्याची व्यवस्था नीट नाही."

जन्मात पहिल्यांदा ती नवऱ्याशी तोंडाने खोटं बोलली. छत काही कोसळलं नाही.

"सांग, मी स्वतः दुरुस्त करून देईन. पण कुलूप आज निघालं पाहिजे. मेहरबानी म्हणून नाही, हक्क म्हणून."

ती साहेबाकडे वळली. "साहेब, यांना काही माहीत नाही," ती त्याच्या भाषेत म्हणाली. "कळू देऊ नका. हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही. न्हाव्याचं जे काय असेल ते माझ्या अंगावर घाला. तुमचे कोट, सासूबाईंच्या गाद्यांच्या खोळी, पाहुण्यांच्या चादरी, काय हवं ते पाठवा. त्याची बायको आणि तान्हं पोर तिकडे अडकलंय. एवढं करा."

बोलता बोलता तिचे हात जोडले गेले, ते तिलाही कळलं नाही.

साहेब बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिला. "खरंच माहीत नाही त्याला?" तो नवलाने म्हणाला. "नशीबवान आहे." मग त्याने खण उघडला, एका कागदावर शिक्का मारला आणि नवऱ्याला येणाऱ्या दोन-चार शब्दांतलाच एक त्याला म्हणाला, "उद्या."

जिन्यावरच न्हाव्याने नवऱ्याचे पाय धरले. "दादा! काय वजन आहे तुमच्या शब्दाला! दोन वाक्यांत गार केलात त्याला!"

"हं," नवरा म्हणाला.

वाटभर न्हावी बोलत होता आणि नवरा 'हं' म्हणत होता. दमले असतील, तिने मनाची समजूत घातली. दुकानात आल्यावर त्याने शटर अर्धं ओढलं आणि स्टुलावर बसला.

"मी दोन वाक्यं बोललो," तो म्हणाला. "तू इतका वेळ काय बोलत होतीस?"

ती काउंटरवरच्या पावत्या सारख्या करू लागली.

"आणि हात कशाला जोडलेस?"

"अहो..."

"तुझी कॉलर मी काय ओळखत नाही?" त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "आधी वाटलं, असेल, कुणीतरी त्याचा शर्ट दिला असेल आपल्याकडे. मग तू हात जोडलेस." थोडा वेळ त्याने आपले पाण्याने पांढरे पडलेले तळवे पाहिले. "कधीपासून?"

"परवान्याच्या आधीपासून."

त्याने चौकटीकडे पाहिलंही नाही. तिला वाटलं होतं तो ओरडेल, काहीतरी आपटेल. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे त्या पोराचं दुकान मी बंद पाडलं."

"तुम्ही नाही. तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुला होतं," तो म्हणाला. "तू तिथं उभी होतीस. खोळ दाबत होतीस."

साहेबाला काय दिलं याचा हिशेब ती रोज देवापुढे घोळवत आली होती. हे दुसरं, त्या खोळीजवळचं, तिने कधी मोजलंच नव्हतं. पदराने डोळे पुसावेत तर तेही नाटक वाटेल, म्हणून ती तशीच उभी राहिली.

रात्री तो जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून पडला. तिनेही पान वाढून घेतलं नाही.

सकाळी मात्र तो तिच्याआधी उठला आणि लॉजवर गेला. परत आला तेव्हा न्हाव्याचं दुकान उघडलं होतं. न्हाव्याने आरसे पुसले होते, खुर्ची दारापर्यंत ओढली होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात दादाची कथा चालू होती. प्रत्येक वेळी साहेब थोडा जास्त घाबरत होता. नवरा इस्त्री करत होता आणि ऐकत होता. ती काउंटरवर पावत्या लावत होती आणि ऐकत होती. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

दुपारी न्हावी एका माणसाला घेऊन आला. उतारवयाचा, खांदे पडलेले, हातात हत्यारांची पिशवी. "दादा, हे आपल्याकडचेच. कोपऱ्यावर चप्पल-बूट दुरुस्तीचं दुकान टाकतायत. साहेब आजच मान हलवून गेलाय. म्हटलं, घाबरायचं कारण नाही, आधी आमच्या दादांना भेटा."

त्या माणसाने पिशवी खाली ठेवली. "खरं का हो दादा? तुम्ही काहीच देत नाही?"

नवऱ्याने इस्त्री उभी केली. वाफ तिच्या आणि त्याच्या मधून वर गेली. तिला वाटलं, आता तो आपल्याकडे बघेल. या देशात आल्यापासून अडलं की तो तिच्याकडेच बघत आला होता. पण हा प्रश्न आपल्याच भाषेतला होता. इथे त्याला दुभाषी लागत नव्हता.

"देतो," तो म्हणाला.

न्हाव्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "दादा?"

"देतो. पहिल्यापासून देतो. तुझंसुद्धा तसंच उघडलं. मला काल कळलं, पण त्याने काही फरक पडत नाही."

न्हावी तिच्याकडे वळला. "वहिनी?"

तिने हो म्हणून मान हलवली. त्याने आणखी काही विचारलं असतं तर तिने सगळं सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही. काउंटरवरचे आपले धुतलेले टॉवेल उचलले, घडी विस्कटली तरी तसेच काखेत मारले, आणि तो पायऱ्या उतरून गेला. त्याच्या दुकानातून मग दिवसभर आवाज आला नाही. पुढे तो टॉवेल दुसरीकडे टाकू लागला. रस्त्यात भेटला तर नमस्कार करायचा, लांबून.

म्हातारा चांभार मात्र जागचा हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. फार चालून आलेल्या माणसाला बसायला जागा मिळावी तसा तो स्टुलावर टेकला.

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "मग काय द्यावं लागतं? माझ्याकडे तर काही नाही."

नवरा टेबलावरच्या शर्टाची बाही सरळ करू लागला.

"त्याचे बूट मागून घ्या," शेवटी तीच म्हणाली. "तळवे लावून द्या. आपणहून."

"घरात माणसं किती?"

नवऱ्याने इस्त्री उचलली आणि तो पाठमोरा झाला.

"तो, बायको, सासू आणि दोन मुलगे," ती खालच्या आवाजात म्हणाली. "धाकट्याचं बघून घ्या. वाढीला लागलाय, विजारी दर खेपेला आखूड होतात. त्याला वर्षातून दोनदा लागतील."